शफल बंद

पुणे
रविवार

प्रिय वैजू,

‘हल्ली काय ऐकतेस?’ असं तू विचारलंस आणि मी नुसता अंगठा पाठवला, म्हणून फुगून बसली आहेस ना? अगं, दोन ओळींत उत्तर देता आलं असतं तर तेव्हाच दिलं असतं. आज रविवार आहे, आई जेवून आडवी झालीय, खालच्या जोश्यांचं ड्रिलही आज गप्प आहे. तेव्हा तूही कॉफी घेऊन निवांत बस.

हल्ली मी आपलं नव्वदीतलं सगळं पुन्हा ऐकतेय. निर्वाणा, पीजे हार्वी, साउंडगार्डन, जेफ बकली, आर.ई.एम. तुझ्या टीडीकेच्या कॅसेटींवर होतं तेही आणि आपल्याला इथे कधी मिळालंच नाही तेही. निमित्त झालं साखरेचं. रिपोर्ट बघून डॉक्टरीणबाईंनी चालायला लावलं, म्हणून सकाळची हनुमान टेकडी सुरू झाली. वर जाऊन, थोडं हिंडून खाली यायला पाऊण तास लागतो आणि चांगल्या अल्बमची लांबीही साधारण तेवढीच. मग नियमच करून टाकला. एका सकाळी एक अल्बम, पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत, त्यांनी लावलेल्या क्रमाने. शफल बंद. नाही आवडलं तरी पुढे ढकलायचं नाही.

तसं कॉलेजात तरी आपण कुठे पुढे ढकलत होतो? वॉकमनवर फॉरवर्ड केलं की सेल उतरायचे आणि सेलचे पैसे डब्याच्या पैशांतून काढायला लागायचे. त्या काटकसरीपायी बी साइडची कितीतरी गाणी आपोआप कानात मुरली. आता भाची माझ्या शेजारी बसून फोनवर गाणी ऐकते, तेव्हा दहा सेकंदांत निकाल लावून पुढे जाते. जाऊ दे, ही कुरकुर आपल्या आयाही करायच्या.

आणखी एक उद्योग करते. टेकडीवरून आले की चहा घेता घेता त्या दिवशीच्या अल्बमची श्रेयनामावली वाचते. आपल्याकडच्या कॅसेटींच्या इनलेवर काय असायचं आठवतंय का? कसंतरी कापून बसवलेलं मुखपृष्ठ, गाण्यांची नावं आणि किंमत. गल्लीतल्या त्या काकांकडून भरून घेतलेल्या कॅसेटवर तर नुसतं तुझं तिरकं अक्षर. ध्वनिमुद्रण कुणी केलं, कुठे केलं, चेलो कोण वाजवतंय, कशाचा पत्ता नाही. आर.ई.एम.चा मायकल स्टाइप दिसतो कसा, हे कळायलासुद्धा स्टार टीव्हीवरचा एमटीव्ही आणि मग १९९४पासूनचा चॅनल व्ही यांच्यापुढे तुझ्या मामाच्या घरी तासन्‌तास ठाण मांडून बसावं लागलं. तेव्हा आवाज तेवढा मिळाला होता. माणसं मला आत्ता भेटतायत. आणि गंमत सांगू? हे सगळं सिएटलचं, ब्रिस्टलचं, दुसऱ्याच कुणाचं म्हणून आपण चोरून ऐकावं तसं ऐकत होतो. त्यातल्या बऱ्याच जणांचे कान त्याच वेळी आपल्याकडे लागलेले होते.

पण ते पुढे. आधी निर्वाणाचा ‘नेव्हरमाइंड’.

२४ सप्टेंबर १९९१ला तो आला आणि जानेवारी १९९२मध्ये त्याने मायकल जॅक्सनच्या ‘डेंजरस’ला अमेरिकेच्या यादीत पहिल्या क्रमांकावरून खाली ओढलं, ही कथा आपल्याला तोंडपाठ होती. आज ऐकताना तो मला जरा जास्तच घासूनपुसून चकचकीत केलेला वाटला. मुद्रण बुच विगचं, पण मिक्सिंगचा शेवटचा हात अँडी वॉलेसचा. ती चकाकी पुढे खुद्द गायक कोबेनलाही खटकायला लागली. गाणी अजून उत्तमच आहेत. पण कडवं हळू, ध्रुवपद किंचाळून, ही पिक्सीजकडून उचललेली युक्ती एकदा लक्षात आली की प्रत्येक वळण आधीच दिसतं. वॉलेसचं नाव मात्र लक्षात ठेव, तो पुन्हा येणार आहे.

‘इन युटेरो’ची गोष्ट वेगळी. तुला तो तेव्हाही जास्त आवडायचा आणि मी तुझ्याशी भांडायचे. तूच बरोबर होतीस, झालं समाधान? पहिल्या गाण्याच्या आधी ढोलवाला ग्रोल काठ्या आपटून मोजून देतो आणि मग ती बेसूर चपराक बसते. टेकडीच्या पायऱ्यांवर मी अक्षरशः थबकले. ढोल छातीशी वाजतात, कारण स्टीव्ह अल्बिनीने खोलीभर मायक्रोफोन लावून त्या खोलीचाच आवाज पकडलाय. फेब्रुवारी १९९३, मिनेसोटातल्या कॅनन फॉल्स नावाच्या गावाजवळचा पॅकिडर्म स्टुडिओ, बाहेर बर्फ. आणि बुकिंग कुठल्या नावाने? ‘सायमन रिची ब्लूग्रास एन्सेंबल’! सायमन रिची हे सेक्स पिस्टल्सच्या सिड व्हिशसचं पाळण्यातलं नाव. दोनेक आठवड्यांत काम उरकलं.

अल्बिनी तर मला या सगळ्या उद्योगात भेटलेला सर्वांत आवडता माणूस. काम घेण्याआधी त्याने निर्वाणाला लांबलचक पत्र लिहून आपल्या अटी कळवल्या होत्या. प्लंबरला जशी मजुरी देतात तशी मला द्या, असं त्याचं म्हणणं. विक्रीवरची रॉयल्टी तो घेत नसे, कारण ती वाजवणाऱ्यांची, हे त्याचं ठाम मत. या अल्बमचे त्याने एकरकमी १,००,००० डॉलर घेतले आणि विषय संपवला. लाखो प्रती खपल्यावर त्याच्या वाट्याला किती आले असते, याचा हिशेब तू कर, तू बँकेत आहेस. कंपनीला ते काम पसंत पडलं नाही आणि दोन गाणी दुसऱ्याकडून पुन्हा मिक्स करून घेतली गेली, हे खरं. अल्बिनी मे २०२४मध्ये गेला, ६१ वर्षांचा होता. आपण त्याचं नावही न घेता त्याला इतकी वर्षं ऐकत होतो.

त्याच स्टुडिओत, त्याच अल्बिनीने, जेमतेम दोन महिने आधी पीजे हार्वीचा ‘रिड ऑफ मी’ मुद्रित केला होता! हे वाचलं तेव्हा मी चहाचा कप खाली ठेवला. ‘रिड ऑफ मी’ म्हणजे तुझ्या खोलीतला तो प्रसंग. पहिलं गाणं इतकं हळू सुरू होतं की तू आवाज वाढवत गेलीस, वाढवत गेलीस, आणि मग ती बाई जी कडाडली! तुझे आजोबा पोथी हातात घेऊन दारात. ‘कुणाला काय झालं?’ अगं, तो खोडसाळपणा मुद्दाम केलेला आहे. बाकीचे लोक हळू आणि मोठा आवाज नंतर एकाच पातळीवर आणून ठेवायचे, तसं या दोघांनी होऊ दिलं नाही. आज इयरफोनवर ऐकतानाही मी फसले आणि समोरून येणाऱ्या निवृत्त कर्नलसाहेबांनी माझी चौकशी केली. डॉर्सेटमधल्या खेड्यात, वडिलांच्या दगडखाणीच्या धंद्यात वाढलेली मुलगी, तेव्हा पुरती चोवीसचीही नव्हती. पुढे तिला मर्क्युरी पुरस्कार दोनदा मिळाला. कोबेनच्या आवडत्या अल्बमांच्या यादीत तिचा पहिला अल्बम ‘ड्राय’ होता. आपल्या वर्गातली पोरं मात्र तिचं नाव काढलं की नाकं मुरडायची. मुलींनी क्रॅनबेरीज ऐकावं म्हणे!

आता एक तक्रार. नव्वदीतले बरेच अल्बम नको इतके लांब आहेत. एलपीवर साधारण पाऊण तास मावायचा. सीडी आली, ७४ मिनिटं मिळाली, आणि सगळ्यांना वाटलं की जागा आहे तर भरलीच पाहिजे. लग्नाच्या पंगतीत पोट भरल्यावरही जिलबीचा आग्रह होतो ना, तसं चौदावं, पंधरावं गाणं येत राहतं. स्मॅशिंग पम्पकिन्सच्या ‘मेलन कॉली’त तर दोन सीड्यांवर २८ गाणी आहेत, दोन तासांच्या वर. त्या दिवशी मी टेकडी उतरून, भाजी घेऊन, ती निवडून ठेवली तरी गडी गातोच आहे. त्यातली निम्मी गाणी गाळली असती तर दशकातला सर्वांत मोठा अल्बम झाला असता, असं माझं मत. तुझा त्यांच्यावर जीव होता, ठाऊक आहे. भांड हवं तर.

साउंडगार्डनसाठी मात्र मला तू इथे हवी होतीस. तू सहा वर्षं तबला शिकलीस आणि त्याचा उपयोग शेवटी बाकावर ठेका धरण्यापुरताच केलास, असं तुझी आई म्हणायची. ‘सुपरअननोन’ पुन्हा लाव आणि मांडीवर मोज. ‘स्पूनमन’ची मुख्य सुरावट सात मात्रांची आहे. सरळ रूपकात मोज, तीन-दोन-दोन बसतं की नाही बघ. ध्रुवपदाला मग चारावर येतात, तेव्हा एकदम रस्ता सपाट झाल्यासारखं वाटतं. ‘फेल ऑन ब्लॅक डेज’ सहाचं आहे, ‘माय वेव्ह’मध्ये पाच. आपल्याला विशीत एवढंच कळायचं की यावर मान हलवायला गेलं की मान चुकते. आणि यातलं काहीही त्यांनी आधी गणित मांडून केलेलं नाही. गिटारवाला किम थायिल सांगतो की गाणं तयार झाल्यावर मोजलं तेव्हा कळलं.

थायिल हे आडनाव कधी नीट वाचलं होतंस? मी तरी नव्हतं. आईवडील केरळचे, हा जन्मला सिएटलमध्ये, वाढला शिकागोजवळच्या पार्क फॉरेस्ट गावात. दाढीवाला, गंभीर चेहऱ्याचा मल्याळी पोरगा, आणि त्याची गिटार ‘सिएटलचा आवाज’ म्हणून जगभर गाजली. नो डाउटचा बेसवाला टोनी कनालही भारतीय आईबापांचा. त्यांची गायिका ग्वेन स्टेफनी टिकली लावायची ती त्याच्या आईचं पाहून. आपण तेव्हा त्या टिकलीवर काय तोंडसुख घेतलं होतं! म्हणे आमचीच टिकली आम्हाला विकतात. मुंबईत त्याच टिकल्यांची पाकिटं महाग झाली होती, हे मात्र खरं.

आता जेफ बकली. इथे जरा हळू वाच.

‘ग्रेस’ ऑगस्ट १९९४चा. निर्माता कोण? अँडी वॉलेस, तोच, ‘नेव्हरमाइंड’ चकचकीत करणारा. इथे मात्र त्याची सफाई कामी आली आहे, कारण मध्ये आहे तो गळा. तुला आठवतं, आपण हा अल्बम रात्री दिवे घालवून ऐकायचो आणि ‘हा सूर लावताना श्वास कुठे घेतो’ यावर वाद घालायचो? तो श्वास कुठून आला ते मला आता कळलं. न्यूयॉर्कच्या ईस्ट व्हिलेजमध्ये ‘शिन-ए’ नावाचं पिटुकलं कॅफे होतं, तिथे हा एकटा गिटार घेऊन गायचा. त्या मैफलींचं मोठं संकलन २००३मध्ये निघालं, त्यात एका ठिकाणी तो श्रोत्यांना सांगतो की नुसरत फतेह अली खान म्हणजे माझा एल्विस. लोक हसतात. त्यांना वाटतं थट्टा चाललीय. आणि मग हा कॅलिफोर्नियाचा पोरगा ‘ये जो हल्का हल्का सुरूर है’ उर्दूत गायला लागतो. उच्चार डळमळतात, पण तानेची ओढ अगदी तीच. एकेक आवर्तन चढवत नेतो, आणि मघाशी हसलेले लोक टाळ्या वाजवायला लागतात.

मी ते टेकडीवरच्या बाकावर बसून दोनदा ऐकलं. मग लगेच ‘ग्रेस’ लावला आणि तो वेगळाच ऐकू आला. शब्द संपल्यावरही तो स्वर सोडत नाही, आकार घेऊन वर जातो, खाली येतो, पुन्हा जातो. तो आलाप आहे गं! आणि शेवटच्या ‘ड्रीम ब्रदर’मध्ये चक्क तबला आहे. सहा वर्षं शिकलेल्या बाईने तेव्हा मला हे सांगायला नको होतं? पुढे त्याने नुसरतसाहेबांची मासिकासाठी मुलाखत घेतली, त्यांच्या एका संग्रहाला टिपण लिहिलं. २९ मे १९९७ला तो मेम्फिसमध्ये नदीत पोहायला उतरला आणि बुडाला, तीस वर्षांचा होता. ‘ग्रेस’नंतर त्याचा दुसरा पूर्ण अल्बम झालाच नाही. त्याच वर्षी १६ ऑगस्टला नुसरतसाहेब लंडनमध्ये गेले. आपण त्या ऑगस्टमध्ये नुसरतसाहेबांवरचे लेख कापून ठेवले होते आणि त्याआधी बकलीच्या बातमीवर रडलोही होतो. दोन्ही कात्रणं एकाच वहीत होती. एकाचा दुसऱ्याशी संबंध आहे, हे काही आपल्याला सुचलं नाही. पर्ल जॅमचा एडी वेडरही नुसरतसाहेबांबरोबर गायलाय, ‘डेड मॅन वॉकिंग’ या १९९५च्या सिनेमासाठी. दोन गाणी आहेत. वेडर तिथे इतका अदबीने, मागे मागे राहून गातो की ओळखू येत नाही.

आणि मग कॉर्नरशॉप. हे ऐकताना आई शेजारी होती, म्हणून सगळंच सांगते. पावसामुळे टेकडी बुडाली होती, म्हणून स्वयंपाकघरातच ‘व्हेन आय वॉज बॉर्न फॉर द सेव्हन्थ टाइम’ लावला. १९९७चा अल्बम. गाणारा तजिंदर सिंग, वुल्व्हरहॅम्प्टनचा. इंग्लंडमध्ये आपल्या लोकांना कोपऱ्यावरचे दुकानदार म्हणून हिणवायचे, तेच नाव यांनी बँडला घेतलं. आपल्याला माहीत होतं ते ‘ब्रिमफुल ऑफ आशा’ म्हणजे नॉर्मन कुकने रिमिक्स करून वेगात पळवलेलं, फेब्रुवारी १९९८मध्ये ब्रिटनच्या यादीत पहिलं आलेलं. मूळ गाणं संथ आहे. दोन-तीन सुरांभोवती रेंगाळणारं, दुपारचं. पहिल्यांदा आलं तेव्हा जेमतेम साठाव्या क्रमांकापर्यंत पोचलं होतं. मला आता कुकचं नको वाटतं, हेच बरं.

आई कणीक मळत होती. तिने विचारलं, ‘आशा आशा काय म्हणतोय तो?’

म्हटलं, ‘आशाबाईंवर गाणं आहे. आशा भोसले. लताबाईंचं आणि रफींचंही नाव घेतो पुढे.’

तिने हात थांबवून नीट ऐकलं आणि म्हणाली, ‘नुसतं नावच घेतोय. मग तिचंच एखादं लावायचं की मधे!’

त्यावर मी काय बोलणार? पण मग मी तिला सांगितलं की हे गाणं पडद्यामागून गाणाऱ्यांबद्दल आहे आणि त्यांना घरोघर नेणाऱ्या त्या छोट्या, मिनिटाला ४५ फेरे घेणाऱ्या तबकड्यांबद्दल. तेव्हा तिने हळूच सांगितलं की लग्नात तिला माहेरून फियेस्टा रेकॉर्ड प्लेअर मिळाला होता, आणि पुढे तो माझ्या बाबांनी स्कूटरच्या हप्त्यासाठी विकला. हे मला इतक्या वर्षांत कधी कळलं नव्हतं! मग कॉर्नरशॉप बाजूला राहिलं आणि आम्ही आशाबाई लावल्या. पोळ्या करपल्या. संध्याकाळी बाकीचा अल्बम पुरा केला, नियम म्हणजे नियम. त्यात शेवटी ‘नॉर्वेजियन वुड’ पंजाबीतून आहे. बीटल्सनी १९६५मध्ये त्या गाण्यात सतार घेतली होती, तजिंदरने अख्खं गाणंच घरी आणलं. हा तोच मनुष्य, ज्याने १९९२मध्ये गायक मॉरिसीच्या वंशवादी वाटणाऱ्या चाळ्यांचा निषेध म्हणून त्याचं चित्र लंडनमध्ये त्याच्या रेकॉर्ड कंपनीच्या दारात जाळलं होतं. रागावणं वेगळं आणि रागावून झाल्यावर इतकं हसरं, सैल गाणं लिहिता येणं वेगळं. मला तरी दुसरं जास्त अवघड वाटतं. कॉर्नरशॉपच्या या अल्बमच्याच सुमाराला संस्कृत श्लोक म्हणणारे कुला शेकर यादीत वर होते. ते मी पुन्हा लावून पाहिले. राहू दे.

एका अल्बमवर मी दोनदा परत गेले, तो आर.ई.एम.चा ‘ऑटोमॅटिक फॉर द पीपल’. १९९२. नाव कुठून आलं माहितेय? जॉर्जियातल्या अथेन्समध्ये, त्यांच्याच गावात, ‘वीव्हर डीज’ नावाची खानावळ. ऑर्डर दिली की मालक ‘ऑटोमॅटिक’ म्हणायचा आणि अल्बमचं अख्खं नाव हेच त्याचं ब्रीदवाक्य. व्हायोलिनांची मांडणी लेड झेपलिनच्या जॉन पॉल जोन्सची, चार गाण्यांत. हेही आत्ताच कळलं. आपण त्या अल्बमला ‘स्लो’ म्हणून मागे टाकलं होतं. खरं सांगायचं तर तो अल्बम पंचविशीच्या आतल्या माणसांसाठी नाहीच. त्यातली बहुतेक गाणी मरणाभोवती फिरतात. एकात एक म्हातारं माणूस आता पुरे म्हणतंय. एकात आईबापांना पोचवून आलेली भावंडं आहेत, एकमेकांपासून तुटलेली. बाबा गेल्यावर फ्लॅटच्या कागदांवरून दादाचं आणि माझं जे झालं ते तुला फोनवर सांगितलंय, पुन्हा नको. ते गाणं मी चालत ऐकू शकले नाही. चेलो इतका खाली, घासत जातो, की सगळं बोलून होतं. हे लिहिलं तेव्हा स्टाइप जेमतेम बत्तीस वर्षांचा होता. त्याला एवढं कुठून कळलं कोण जाणे. दुसऱ्या दिवशी मी दादाला फोन केला. अल्बममुळे नाही, गणपतीचं विचारायला. पण केला.

बाकीचं भराभर सांगते. पोर्टिसहेडचा ‘डमी’ अजून पहिल्या दिवसासारखा आहे. स्वतःच वाजवलेलं तबकडीवर छापून, ती झिजवून, मग पुन्हा वापरायचे म्हणे, म्हणून ती खरखर. ‘ओके कॉम्प्युटर’ जरा जास्तच शहाणा वाटतो, पण ‘एक्झिट म्युझिक’ दगडी जिन्यात गायलेलं आहे आणि तो जिना ऐकू येतो. ऑएसिस मात्र नियम मोडून बंद केलं. माय ब्लडी व्हॅलेंटाइनचा ‘लव्हलेस’ आपण कॅसेट खराब आहे असं वाटून परत केला होता ना, दुकानदाराशी हुज्जत घालून? कॅसेट चांगली होती, वैजू. तो तसाच आहे.

आणि आता तुझ्यावर येते. पेव्हमेंटचा ‘स्लँटेड अँड एन्चांटेड’ इथे तेव्हा मिळाला नव्हता, तो मी आत्ता पहिल्यांदा ऐकला. कॅलिफोर्नियातल्या स्टॉकटनमध्ये ढोलवाल्याच्या घरच्या स्टुडिओत केलेला, अर्धवट लावलेल्या गिटारी, आणि तरी जागेवरून उठू देत नाही. ही मंडळी कुणाला मानायची म्हणून शोधत गेले, तर पोचले कुठे? तुझ्या डनीडिनला! ‘द क्लीन’ नावाचा बँड, तुझ्या गावचा. १९८१मध्ये ‘टॅली हो’ हे गाणं त्यांनी साठ डॉलरांत मुद्रित केलं आणि न्यूझीलंडच्या पहिल्या विसांत नेऊन बसवलं. ते काढलं फ्लाइंग नन नावाच्या नव्या कंपनीने, क्राइस्टचर्चच्या एका रेकॉर्डच्या दुकानातल्या पोराने सुरू केलेल्या. त्यात ऑर्गन वाजवलाय मार्टिन फिलिप्सने, तोच तो ‘द चिल्स’चा. अमेरिकेतल्या कॉलेजांत ज्या बँडांची नावं आदराने घ्यायचे, ते तुझ्या गल्लीबोळांत भाजी आणायला जात होते. तू तिथे इतकी वर्षं आहेस आणि मला मेंढ्यांचे, पेंग्विनचे नि बर्फाचे फोटो पाठवतेस! फिलिप्स जुलै २०२४मध्ये गेला, तोपर्यंत तो डनीडिनमध्येच राहत होता. तुझ्या बसमध्ये शेजारी बसलेला असू शकतो गं.

तेव्हा तुला शिक्षा. डिसेंबरात येशील तेव्हा आईसाठी चॉकलेटं, दादाच्या पोरांसाठी टीशर्ट वगैरे नेहमीचं चालेल, पण माझ्यासाठी तिथल्या जुन्या रेकॉर्डच्या दुकानात जाऊन ‘द क्लीन’ची ‘बूडल बूडल बूडल’ आणि ‘द चिल्स’ची ‘सबमरीन बेल्स’ शोधायची. तबकडी मिळाली तर तबकडी, सीडी मिळाली तर सीडी. कॅसेट मिळाली तर सोन्याहून पिवळं, डेक मी दुरुस्त करून घेतलाय. आणि त्याआधी ‘सुपरअननोन’ मोजून मला कळव, ‘माय वेव्ह’चे पाच तू कसे तोडतेस ते. मला दोन-तीन वाटतात, भाची म्हणते तीन-दोन.

आईचा आशीर्वाद. निनादला आणि पोरांना खूप प्रेम.

तुझी,
मीनल

ता. क. आईला सांगायचं राहिलं होतं, ते तिला ऐकवलं, तुलाही सांगते. आर.ई.एम.चा मायकल स्टाइप आणि आशाबाई एका गाण्यात एकत्र गायले आहेत. ‘वन जायंट लीप’च्या २००२च्या अल्बममध्ये, गाण्याचं नाव ‘द वे यू ड्रीम’. आईचं म्हणणं, आशाबाई दोन ओळी जास्त गायला हव्या होत्या.